उत्तर येईपर्यंत

ती टेस्ट मी बदलली होती, तिनं नाही. मनात इतक्या वेळा म्हणून झालं आहे, की आता कागदावर हे वाक्य दुसऱ्याच कुणाचं वाटतं. पण ते माझंच आहे. तिनं लिहिलेली टेस्ट अधूनमधून लाल व्हायची आणि लाल होण्यातच तिचं खरेपण होतं. मी ती हिरवी केली. पुढे भरल्या खोलीत कुणीतरी विचारलं, ही टेस्ट कुणाची, तेव्हा मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे पाहत बसलो.

माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. हातानं नव्हे, तर तपासणारं दुसरं सॉफ्टवेअर लिहून. पहिल्यांदा पाहणारा माणूस जरा दचकतोच. कुणी हात लावलेला नसताना स्क्रीनवर खिडकी उघडते. रिकाम्या चौकटीत एकेक अक्षर उमटत जातं, बटण आपोआप दाबलं जातं, पान उलटतं. दुपारी जेवून आल्यावर, डोळे जड झालेले असताना, मी कितीदा तरी नुसता पाहत बसायचो. घरात कुणी नसताना देवघरातली घंटा हलावी तसं ते वाटायचं. कुणीतरी आहे, पण नाही.

आम्ही तपासत होतो ते बसचं ॲप होतं. बुटीबोरीच्या आणि हिंगण्याच्या काही कारखान्यांच्या बसगाड्या सकाळी शहरातून कामगारांना उचलतात. पूर्वी जो आधी पोचेल तो बसायचा, मागचा उभा राहायचा किंवा राहूनच जायचा. मग ठरलं, की आदल्या संध्याकाळी मोबाइलवर जागा ठेवायची. ‘जागा ठेवा’ असं बटण होतं. ते दाबलं की एक गोल चक्र थोडं फिरायचं आणि हिरवी खूण यायची. खूण आली की माणूस निवांत झोपायला मोकळा.

माझे वडील हिंगण्याला कामाला होते. बस चुकल्यावर ते सायकल काढायचे आणि त्या दिवशी संध्याकाळी घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. हे मुद्दाम लिहितो आहे. बस चुकणं म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

आमच्या टेस्टमध्ये जागा ठेवणारा माणूस अर्थातच खोटा होता. त्याचं नाव ‘प्रवासी एक’. तो रोज छत्रपती चौकातून बुटीबोरीची जागा ठेवायचा आणि कधीच कुठे जायचा नाही. टेस्ट संपली की त्याची जागा पुसली जायची, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा नव्यानं जन्मायचा. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. वाटायचं ते फक्त तिला.

ती काटोलची. ऑफिसात सगळे तिला ‘काटोल’ म्हणूनच हाक मारायचे आणि तीही ओ द्यायची. कंत्राटावर लागली होती, माझ्या हाताखाली. काटोलला आईवडील, थोडी संत्र्याची झाडं, आणि वडिलांशी झालेला एक करार. होळीनंतर कंपनीनं कायम केलं तर ती नागपुरात राहणार. नाही केलं तर परत यायचं, मग पुढचं घरचे ठरवतील. हा करार ती हसत हसत सगळ्यांना सांगायची. माझ्या शेजारी बसणारा मित्र तिला चिडवायचा, “काटोल, साहेबाले संत्रे खाऊ घाल वं रोज. लवकर कायम करतीन.” ती म्हणायची, “तुमाले खाऊ घालून काय फायदा झाला सांगा बरं. एक बग तरी शोधला काय तुम्ही?”

या कामात सर्वांत अवघड असतं ते थांबणं. बटण दाबल्यावर उत्तर लगेच येत नाही. आपला निरोप कुठल्याशा सर्व्हरपर्यंत जातो, तिथं रांगेत उभा राहतो, मग उत्तर परत येतं. कधी पापणी लवायच्या आत, कधी एक सुस्कारा टाकून होईपर्यंत. यंत्राला मात्र हे कळत नाही. ते बटण दाबतं आणि त्याच क्षणी विचारतं, आली का खूण? आली नसेल तर टेस्ट लाल, म्हणजे नापास. म्हणून त्याला थांबायला शिकवावं लागतं.

शिकवायच्या दोन रीती आहेत. एक सोपी. दाब, डोळे मिट, ठरावीक वेळ झोप, मग पाहा. आम्ही तिला ‘झोप’च म्हणायचो. दुसरी रीत अशी, की दाब आणि पाहत राहा. जे हवं आहे ते आलं की लगेच पुढं जा. फारच वेळ झाला, ठरवलेली हद्द संपली, तर थांबणं सोड आणि सांग, की आलं नाही. या हद्दीला टाइमआउट म्हणतात. मी पहिल्या रीतीचा माणूस होतो. माझ्या सगळ्या टेस्टमध्ये जागोजागी झोपा पेरलेल्या असायच्या. टेस्ट लाल झाली की मी झोप वाढवायचो.

घरीही मी असाच. आमच्याकडे होळी झाली की कूलर खाली उतरतो, वाळ्याच्या ताट्या बदलल्या जातात, आणि टाकी भरायचं काम माझ्याकडे येतं. मी टाकीत पाइप सोडायचो, घड्याळ पाहायचो आणि आत येऊन पेपर वाचायचो. नळाला रोज सारखा जोर थोडाच असतो? कधी टाकी अर्धीच राहायची, कधी गॅलरीभर पाणी होऊन खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर पडायचं.

बायको म्हणायची, “अहो, पाण्याकडं पाहा नं. घड्याळाकडं काहून पाहून राहिले? घड्याळ भरून राहिले काय तुम्ही?”

मी हसायचो. ओल्या वाळ्याच्या वासात, पंख्याच्या त्या घरघरीत, पुन्हा पेंगायचो.

तिच्या टेस्टची गोष्ट अशी. हिरव्या खुणेवर तिचा विश्वास नव्हता. तिची टेस्ट बटण दाबायची, खूण पाहायची, आणि त्यानंतरही थांबायची. कशासाठी? तर सर्व्हरकडून ‘हो, जागा दिली’ असं उत्तर खरंच आलं का, ते पाहण्यासाठी. बहुतेक वेळा यायचं. कधीकधी, जेव्हा आम्ही पुष्कळ खोटे प्रवासी एकाच वेळी सोडायचो, तेव्हा खूण यायची पण उत्तर येत नसे. हद्द संपायची. लाल.

आणि लाल दिसलं की आमच्याकडे एक रीत होती. माझा मित्र खुर्चीतून न उठता ओरडायचा, “परत मार!” टेस्ट पुन्हा चालवायची. दुसऱ्यांदा हिरवी झाली की कुणी पहिल्या लालचं नावही काढायचं नाही. ‘परत मार’ हे आमच्या खोलीतलं सगळ्यात जास्त बोललं गेलेलं वाक्य असेल. चहा सांगायलाही आम्ही तेच म्हणायचो.

ती म्हणाली, “सर, परत मारून हिरवी झाली म्हणून पहिली लाल खोटी होते काय?”

मी म्हणालो, “अगं, आपलं टेस्टिंगचं सर्व्हर म्हातारं झालंय. धापा टाकते ते. खरं सर्व्हर असं नाही करत.”

“पण खूण काहून येते मग? उत्तर आलं नाही तर खूण यायलाच नको नं.”

“स्क्रीन बनवणाऱ्यांनी लोकांले बरं वाटावं म्हणून लवकर दाखवली असंल. मागून येतंच उत्तर.”

“आणि नाही आलं तर? हा माणूस उद्या सकाळी चौकात उभा राहीन, सर. मोबाइलमधे खूण घेऊन.”

“कोण माणूस?”

“प्रवासी एक.”

मित्र म्हणाला, “त्याले आपण ऑटो करून देऊ.” सगळे हसले. तीही हसली, पण मान वळवून पुन्हा स्क्रीनकडे पाहू लागली. तिथं ते चक्र फिरत होतं. ती ज्या लक्षानं त्याच्याकडे पाहत होती ते मला आज आठवतं. चुलीवरच्या दुधाकडे पाहावं तसं. मला मात्र ते चक्र पाहिलं की झोप यायची.

होळीच्या आधी कारखान्यांना नवं ॲप द्यायचं होतं. ती दुपारच्या बसनं काटोलला निघून गेली. जाताना सांगून गेली, की टेस्ट अजून लाल येते, मी आले की स्क्रीनवाल्यांशी बसून बोलू, तोवर देऊ नका. मी मान हलवली. संध्याकाळ व्हायच्या आत साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. चांगला माणूस, आजही म्हणतो. तेही कुणाला तरी उत्तर देणारे होते.

“एवढी एकच लाल काहून दिसून राहिली?”

“सर्व्हरचं आहे, सर. सुट्टीनंतर पाहतो.”

“सुट्टीनंतर? मी आज शब्द देला आहे.”

खिडकीबाहेर उन्हाला तो होळीआधीचा पिवळा रंग आला होता. पळसाची चार फुलं वाऱ्यानं पार्किंगमध्ये आली होती आणि एक पहारेकरी ती पायानं बाजूला सारत होता. हे मला इतकं स्पष्ट दिसतं आणि माझे हात मात्र दिसत नाहीत. हातांनी काय केलं ते माहीत आहे. तिनं उत्तराची वाट पाहायला सांगणारी ओळ लिहिली होती. ती मी काढली. तिथं एक झोप घातली, चांगली लांब. झोपेनंतर फक्त हिरवी खूण पाहायची. आणि लाल झालीच, तर यंत्रानं आपणहून परत मारायचं, हिरवी होईपर्यंत. ओरडायचेही कष्ट नकोत. फाइलीवर वर तिचं नाव होतं, ते तसंच राहिलं. त्याचा मी विचारही केला नाही. खरं सांगायचं तर, हातांना तो विचार करायचा नव्हता.

सगळं हिरवं झालं. साहेब म्हणाले, “झालं नं! उगाच घाबरवतो गा तू.” आम्ही एकमेकांना होळीच्या शुभेच्छा दिल्या.

धुळवडीनंतर कारखाने उघडायचे होते. गावाकडून परत आलेल्या सगळ्या माणसांनी त्या एका संध्याकाळी एकदमच जागा ठेवल्या. कुणी स्टेशनवरून, कुणी जेवता जेवता. सगळ्यांच्या हातात ते चक्र थोडं फिरलं आणि सगळ्यांना हिरवी खूण आली. सर्व्हरची मात्र दमछाक झाली होती. कित्येकांना उत्तर कधी गेलंच नाही.

ती सकाळ मी पाहिलेली नाही. ऐकली आहे फक्त, पण इतक्यांदा मनात पाहिली आहे, की आता ती माझ्या आठवणींत खऱ्यासारखी बसली आहे. छत्रपती चौक, अजून दिवे विझलेले नाहीत. माणसं डबे घेऊन उभी. बस येते, ड्रायव्हर त्याच्या यादीप्रमाणे घेतो, बस भरते. राहिलेले मोबाइल वर धरतात. हिरव्या खुणांचं ते एक छोटंसं शेत, धूसर उजेडात. ड्रायव्हर म्हणतो, माझ्याकडं नाही दिसून राहिलं, भाऊ. दार बंद होतं. आणि त्या गर्दीत, अगदी मागे, नेहमी मला एक माणूस दिसतो. ज्याला चेहरा नाही, नाव नाही. तो भांडत नाही. नुसता खूण पाहत उभा असतो.

मी ऑफिसात पोचलो तेव्हा ती आधीच येऊन बसली होती. काटोलहून थेट आलेली. टेबलावर पिशवीभर संत्री, मृग बहाराची शेवटची. स्क्रीनवर तिची टेस्ट उघडी होती. तिनं ती वाचली होती. कुणी काय बदललं याची नोंद यंत्र ठेवतं, तीही तिनं पाहिली होती. ती रागावलेली नव्हती. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती हळू बोलली, जवळच्या माणसाची लाज झाकताना बोलावं तसं.

“सर, हे तुम्ही केलं?”

“हो. त्या दिवशी घाई झाली.”

“मीटिंगमधे विचारतीन.”

“सांगतो मी.”

“सांगाल नं?”

“सांगतो म्हटलं नं. तू काळजी नको करू.”

तिनं मान हलवली. पिशवीतून एक संत्रं काढून माझ्यापुढे ठेवलं.

मीटिंगच्या खोलीत आमची सगळी टीम होती, साहेब होते, आणि मध्ये ठेवलेल्या फोनवर कारखान्यांकडचे लोक. ते ओरडून दमले होते, आता नुसते विचारत होते. तुम्ही हे तपासलं नव्हतं का? साहेबांनी स्क्रीनवर फाइल उघडली. वर तिचं नाव.

“ही टेस्ट कोणाची?”

“माझी, सर,” ती म्हणाली. खरंच होतं ते. टेस्ट तिचीच होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

त्यानंतर जी शांतता झाली ती किती वेळ टिकली, मला सांगता येणार नाही. फार नसेल. एसीचा आवाज येत होता. कुणाच्या तरी बोटांना संत्र्याच्या सालीचा वास होता. ती माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या पाहण्यात जराही संशय नव्हता. फक्त वाट पाहणं होतं. बाटलीच्या आत, पाण्याच्या वर, वाफेचे दोन थेंब चिकटले होते. एक घसरला आणि दुसऱ्याला मिळाला. मला वाटलं, आता बोलतो. हा थेंब खाली आला की बोलतो.

“मग?” साहेब म्हणाले.

मी म्हणालो, “आम्ही सुधारून घेतो, सर.”

आम्ही. तो शब्द मी कुठून काढला कोण जाणे. तिची नजर माझ्यावरून उठली. कुणाचंही लक्ष गेलं नसेल, पण मला ते दिसलं. हद्द संपली होती.

ती स्वतः का बोलली नाही, असं कुणीही विचारेल. मीही बरीच वर्षं स्वतःला तेच विचारत होतो, जणू चूक तिची होती. नोंद तर यंत्रात होती, कुणीही पाहू शकलं असतं. कुणी पाहिली नाही. नाव तिचं होतं आणि ती कंत्राटावर होती, एवढं सगळ्यांना पुरलं.

कायम करण्याचा तिचा कागद तिथंच थांबला. महिना संपला आणि कंत्राटही संपलं. शेवटच्या दिवशी ती सगळ्यांना भेटली, मलाही. “येते, सर,” एवढंच म्हणाली. आणि एक सांगायचं राहिलं. त्या मीटिंगनंतर ती जागेवर नसताना आम्ही तिनं आणलेली संत्री खाल्ली. मीही खाल्ली. गोड होती.

टेस्ट मी मीटिंगच्या दुसऱ्याच दिवशी तिची होती तशी केली. स्क्रीनवाल्यांनी खूण उशिरा दाखवायला सुरुवात केली. उत्तर आल्यावरच, आणि न आल्यास ‘जागा मिळाली नाही, पुन्हा प्रयत्न करा’ असं स्पष्ट लिहून. पुन्हा तसं कधी झालं नाही. माझ्या टेस्टमधल्या झोपाही मी एकेक करून काढल्या. नव्या लोकांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांना सांगायचो, “परत मारून हिरवी झाली म्हणून पहिली लाल खोटी होत नाही.” मुलं माना डोलवायची. एकीनं तर ते वाक्य कागदावर लिहून भिंतीला लावलं, खाली माझं नाव. मी ते काढायला लावलं नाही.

अशी वर्षं गेली. मधे ती कुलूपबंद घरांची वर्षं आली, सगळे घरून काम करू लागले, परत ऑफिसात आले. मी चष्मा बदलला. दर होळीनंतर कूलर उतरला. आणि दर होळीनंतर, टाकीत पाणी पडत असताना, मला तो मागे उभा असलेला माणूस दिसायचा.

या वर्षी पाइप सोडून मी आत गेलोच नाही. टाकीच्या काठाशी बसून पाणी चढताना पाहत राहिलो. काठाला आलं तेव्हा पाइप काढला. बायको दारात उभी होती.

“तब्येत बरी आहे नं?” तिनं विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं. ती पायरीवर बसून ऐकत होती. मधेच तिनं पदरानं कपाळ पुसलं. शेवटी म्हणाली, “तिले सांगतलं काय?”

“नाही.”

“मग मले सांगून काय होते?”

तिचा नंबर माझ्याकडे होताच. कधी पुसला नव्हता. फोन लावला तेव्हा मनात मी वाक्यं जुळवून ठेवली होती, पण “मी बोलतो” एवढं म्हटल्यावर ती सगळी कुठं गेली कळलं नाही. तिकडे कुत्रं भुंकत होतं, ती त्याला गप्प करत होती.

“बोला नं, सर.”

ती काटोललाच होती. घरून एका कंपनीचं काम करत होती, हातानं तपासायचं. ऑटोमेशनचं काम परत मिळालं नाही म्हणाली. मुलाखतीत जुन्या ठिकाणाबद्दल विचारतात, आणि मग काय सांगणार? हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. घरच्यांनी पाहिलेलं स्थळ तिनं नाकारलं होतं, तेही सांगितलं, हसून. मी म्हणालो, मला तुझी माफी मागायची आहे. त्या दिवशीबद्दल.

तिनं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “सर, तेव्हा खोलीत सगळे होते. आता मले एकटीले काहून सांगून राहिले?”

“मग काय करू?”

“मले तर माहीतच होतं नं, कोणी बदलली ते. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. मी वाट पाहिली होती त्या दिवशी. लय पाहिली.”

साहेब अजून साहेबच आहेत. मित्र अजून शेजारी बसतो, केस तेवढे गेले. त्या खोलीतली दोन-तीन माणसं दुसरीकडे गेली होती, त्यांना मी स्वतः फोन केले. सगळ्यांना, तिलाही, म्हटलं, एक जुनी गोष्ट सांगायची आहे, दुपारी जोडले जा. साहेबांनी विचारलं, “राजीनामा वगैरे देऊन राहिला काय गा?” मी म्हणालो, तसं काही नाही.

दुपारची वेळ होती, खोली तीच. बाहेर ऊन इतकं पांढरं की पार्किंगमधल्या गाड्या त्यात विरघळल्यासारख्या दिसत होत्या. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर गेलेले लोक एकेका चौकटीत येऊन बसले. एक चौकट काळी होती. तिच्यात काटोलचं ते गोल चक्र फिरत होतं. कधी ते थांबायचं, मग पुन्हा फिरायला लागायचं. मी त्याच्याकडे पाहत होतो. या वेळी मला झोप आली नाही.

“तिकडं लाइन गेली असंल,” मित्र म्हणाला.

साहेब म्हणाले, “चल, तू सुरू कर. येईन ती मागून.”

“नाही, सर. ती येईपर्यंत थांबू.”

“किती वेळ?”

“येईपर्यंत.”

मित्र हळूच म्हणाला, “टाइमआउट किती ठेवला गा?”

“नाही ठेवला.”

तो हसणार होता, पण माझ्या तोंडाकडे पाहून पडद्याकडे वळला. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि मनगट उलटं करून ठेवलं. कुणीच उठलं नाही. चक्र फिरत राहिलं, आणि मला वाटलं, त्या दिवशी तिला माझा चेहरा असाच दिसत असेल. काळा, मधे काहीतरी फिरत असलेला, उत्तर न देणारा.

मग ती आली. आधी आवाज आला, कूलरचा, मग चेहरा. मागे चुन्याची भिंत होती. तिनं कानातली तार नीट केली, सगळ्यांकडे पाहिलं, ओळखीच्यांना मान हलवली, आणि माझ्यावर येऊन थांबली.

“येते आवाज, सर?”

“येते.”

मी उभा राहिलो. का उभा राहिलो माहीत नाही, बसून बोलता आलं नसतं.

“तो बसचा घोळ झाला त्याच्या आधी, होळीच्या सुट्टीआधी, ती टेस्ट मी बदलली होती. हिनं लिहिली होती ती बरोबर होती. देऊ नका म्हणून हिनं सांगतलं होतं. मी हिची ओळ काढली आणि लाल टेस्ट हिरवी करून साहेबांले दाखवली. मीटिंगच्या आधी हिनं मले विचारलं, सांगाल नं, तर मी हो म्हटलं होतं. आणि मग तुम्ही सगळे बसले होते अन् मी बोललो नाही. भिंतीवर माझ्या नावानं जे वाक्य लावलं आहे तेही हिचंच आहे. हिचं इथलं काम माझ्यामुळं गेलं.” मग मी पडद्याकडे वळलो. “तू वाट पाहत होती आणि मी बाटलीकडं पाहत बसलो. चूक माझी होती. मले माफ कर.”